सोलापूरची १,९२५ मतं

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत: करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, पंढरपूर, सांगोला आणि माळशिरस. दर पाच वर्षांनी, बहुधा जुलैच्या भर पावसात, इथले आमदार मुंबईच्या विधानभवनात जातात, गुलाबी रंगाची मतपत्रिका हातात घेतात आणि देशाचा राष्ट्रपती निवडतात. उमेदवारांच्या नावांपुढे १, २ असे पसंतीचे आकडे घालायचे असतात. पक्षाचा व्हिप इथे चालत नाही आणि मतदान गुप्त असतं. प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५. अकरा जणांचं मिळून १,९२५.

हा १७५ चा आकडा कुठून आला? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने. उत्तर येतं १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत याच हिशेबाने २०८ चं होतं आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं. मग देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांमध्ये वाटतात. २०२२ मध्ये एका खासदाराच्या वाट्याला ७०० आले. खासदारांची मतपत्रिका हिरवी असते. सोलापूर आणि माढ्याचे खासदार ही मतं देतात. बार्शीकरांचा खासदार मात्र धाराशिवचा, कारण लोकसभेला बार्शी तिकडे जोडलेली आहे. विधान परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मत नाही, नामनियुक्त सदस्यांनाही नाही.

इतकी खटपट कशासाठी? सरळ लोकांनीच राष्ट्रपती का निवडू नये? हा प्रश्न घटना समितीतही विचारला गेला. प्रा. के. टी. शाह यांचा आग्रह प्रौढ मतदानाचा होता. नेहरूंनी उलट बाजू मांडली. ज्याला कोट्यवधी लोक थेट निवडून देतील, तो माणूस शोभेपुरता गप्प बसणार नाही, आणि पंतप्रधान व राष्ट्रपती या दोन सत्ताकेंद्रांत झुंज लागेल. फक्त संसदेने निवडला, तर तो दिल्लीतल्या बहुमताचा माणूस ठरेल. म्हणून राज्यांचे आमदार मतदार झाले. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. राष्ट्रपतींच्या निवडीत जितका वाटा संसदेचा, जवळजवळ तितकाच सगळ्या विधानसभांचा मिळून असतो. म्हणजे त्या खुर्चीचा एक पाय सांगोल्याच्या माळरानावरही टेकलेला आहे.

घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पदाचं वर्णन केलं. आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असेल. तो राज्याचा प्रमुख, पण कारभाराचा नव्हे. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करील, राष्ट्रावर राज्य करणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अमेरिकेच्या अध्यक्षाशी नावापुरतं साम्य आहे, पुढे काही नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. गंमत म्हणजे ‘राष्ट्रपती’ हे नाव त्याआधी दुसऱ्याच पदाला होतं. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत. नेहरूंनी १९३७ मध्ये ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच टीका करणारा लेख लिहिला, त्याचं शीर्षकही ‘राष्ट्रपती’ असंच होतं. अजून न जन्मलेल्या राज्याच्या प्रमुखाचं नाव लोकांनी आपल्या चळवळीच्या प्रमुखाला आधीच देऊन टाकलं होतं.

अध्यक्ष म्हणजे काय, हे सोलापूरने पुस्तकात वाचून शिकलेलं नाही. ६ एप्रिल १९३० रोजी, दांडीला मीठ उचललं गेलं त्याच दिवशी, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर पुण्याच्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते तिरंगा चढला. महिन्याभराने, ५ मे रोजी, गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव उसळलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. चिडलेल्या जमावापुढे पोलीस आणि अधिकारी शहर सोडून गेले. ९ ते ११ मे या तीन दिवसांत सोलापुरात सरकार नावाची गोष्ट उरली नव्हती. शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराची व्यवस्था सांभाळली. त्यांच्याकडे कायदा नव्हता, फौज नव्हती, तिजोरी नव्हती. लोकांनी मानलं, एवढाच त्यांचा अधिकार. १२ मे रोजी मार्शल लॉ आला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. दयेचा अधिकार तेव्हा परक्या सत्तेच्या हाती होता. हा धागा पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवला.

२६ जानेवारी १९५० रोजी सकाळी दहा वाजून अठरा मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि सहा मिनिटांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी शपथ घेतली. दोनच दिवस आधी घटना समितीने त्यांना बिनविरोध निवडलं होतं. त्या दिवशी सोलापूरहून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालेला माणूस पंचेचाळीस किलोमीटरांत एका जगातून दुसऱ्या जगात जात होता. सोलापूर मुंबई राज्यात, तिथे राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल. तुळजापूर हैदराबाद राज्यात, तिथे राजप्रमुख म्हणून खुद्द निजाम. दीड वर्षापूर्वीपर्यंत जो स्वतःला स्वतंत्र राजा म्हणवत होता, तो आता राष्ट्रपतींच्या मान्यतेने पदावर होता. राजप्रमुख हे पद १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेबरोबर संपलं. राष्ट्रपती या नव्या पदाचं पहिलं मोठं काम मला हेच दिसतं: संस्थानं आणि प्रांत अशा तुकड्यांच्या देशाला एकाच सहीखाली आणणं.

पण त्या सहीमागे मन कोणाचं? राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचं ऐकलंच पाहिजे, असं मूळ घटनेत एका शब्दानेही लिहिलेलं नव्हतं. कलम ७४ एवढंच सांगे की सल्ला आणि साहाय्य देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. घटना समितीच्या शेवटच्या दिवसांत राजेंद्रबाबूंनी स्वतःच ही उणीव बोलून दाखवली होती आणि इंग्लंडातला प्रघात इथेही रुजेल अशी आशा व्यक्त केली होती. पुढे तेच अस्वस्थ झाले. हिंदू कोड बिल त्यांना पटत नव्हतं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना कळवलं की या विधेयकावर आपण स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी कायदेपंडितांची मतं घेतली, आणि ती राष्ट्रपतींच्या विरुद्ध गेली. राजेंद्रबाबूंनी प्रकरण ताणलं नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये दिल्लीत विधी संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी हा प्रश्न पुन्हा, या वेळी जाहीरपणे, उपस्थित केला. तेव्हाही त्यांच्याकडून कृती झाली नाही. बारा वर्षं खुर्चीवर बसलेल्या, मनाने पूर्ण सहमत नसलेल्या माणसाने मर्यादा पाळली. मर्यादा पटलेल्या माणसाने ती पाळणं सोपं असतं. राजेंद्रबाबूंनी न पटता पाळली, म्हणून तिचा प्रघात झाला.

त्यांच्यानंतर राधाकृष्णन राष्ट्रपती झाले, मग झाकीर हुसेन, पण ते थोडेच दिवस लाभले. मग आलं १९६९. या पदाच्या इतिहासात एवढं नाट्य दुसऱ्या वर्षात नाही, आणि त्यात मराठी माणूस ठसठशीतपणे उभा आहे.

३ मे १९६९ रोजी झाकीर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण गिरींनाही निवडणूक लढवायची होती, आणि राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ही दोन्ही पदं रिकामी राहिली तर पुढे कोण, याचं उत्तर घटनेने संसदेवर सोपवलं होतं. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ठेवला: अशा वेळी सरन्यायाधीश काम पाहतील. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. हिदायतुल्ला आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, तिथल्या हायकोर्टात वकिली करून मुख्य न्यायाधीश झालेले. पाच आठवडे त्यांनी पद सांभाळलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात आले तेव्हा यजमान तेच होते. खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही.

उमेदवार तीन मोठे होते. काँग्रेसचे अधिकृत नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींचा कल असलेले गिरी. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभे केलेले चिंतामणराव देशमुख. रायगडातल्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री. मराठी वाचकाला त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको: मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या निर्णयावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं होतं. निवडून येण्याइतकी मतं आपल्या पाठीशी नाहीत हे दिसत असताना असा माणूस राष्ट्रपतिपदासाठी उभा राहिला, ही त्या निवडणुकीची शान होती असं मी मानतो.

इंदिरा गांधींनी खासदार-आमदारांना विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितलं. १६ ऑगस्टला मतदान झालं, २० ला मोजणी. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला लागत होती ४,१८,१६९. पहिल्या फेरीत कोणीच तिथवर पोचलं नाही. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीची मतं मोजून निकाल लागला तो याच वर्षी. देशमुख आणि इतर बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरचे २, ३ हे आकडे जिवंत झाले. त्यांतली बहुतेक रेड्डींकडे गेली, तब्बल ९१,८७९. गिरींना वाढली फक्त १८,५६२, पण तेवढी पुरली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. १९६१ च्या लोकसंख्येवर तेव्हा महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १४६ चं येत होतं, म्हणजे फरक आपल्या शंभरएक आमदारांच्या मतांएवढा. एका जिल्ह्याच्या मतांना किंमत काय, असं कोणी म्हणालं तर त्याला हे वर्ष दाखवावं. त्याच वर्षाअखेर काँग्रेस फुटली. गिरींच्या निवडीला कोर्टात आव्हान मिळालं आणि पदावरचा राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयात साक्षीला उभा राहिला. असं त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही.

राष्ट्रपतीने ऐकलंच पाहिजे का, याचं उत्तर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलं: होय. शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींनी ते सांगितलं. पण ऐकण्याला सीमा नसेल तर काय होतं, हे पुढच्याच वर्षी दिसलं. २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक तोवर झालेलीच नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ही सही त्या पदाच्या इतिहासातली सगळ्यात महाग सही आहे. परत न्या, मंत्रिमंडळासमोर ठेवा, एवढं एक वाक्य त्या रात्री म्हणता आलं असतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सल्ला बंधनकारक केला आणि उरलासुरला संशय संपवला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली: राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच सल्ला आला की मान्य करायचा. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा, हेही त्याच दुरुस्तीत आलं.

‘पुन्हा एकदा विचार करा’ हे वाक्य लहान वाटेल, पण आजच्या राष्ट्रपतिपदाची बरीचशी ताकद त्यातच आहे. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली. डॉ. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं. संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं, आणि कलामांनी सही केली. मत त्यांचं उरलं, शब्द संसदेचा राहिला.

आता सोलापूरकडे वळू. सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म १९४१ चा, याच शहरातला. कोर्टात पट्टेवाला, मग पोलीस उपनिरीक्षक, मग करमाळ्याचे आमदार. २००२ मध्ये काँग्रेसने त्यांना उपराष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. समोर भैरोंसिंह शेखावत. शेखावतांना ४५४ मतं, शिंदेंना ३०५. इथे एक गोष्ट सोलापूरकरांच्याही सहसा लक्षात येत नाही. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य मत देतात आणि प्रत्येक मताचं मूल्य एकच. त्यामुळे सोलापूरचा माणूस उभा होता, पण सोलापूरच्या आमदारांना मत नव्हतं. त्या दिवशी आपल्या १७५ ची किंमत शून्य होती.

शिंदे उपराष्ट्रपती झाले नाहीत, पण दहा वर्षांनी देशाचे गृहमंत्री म्हणून राष्ट्रपतींच्या सगळ्यात जड अधिकाराच्या दारात उभे राहिले. कलम ७२ प्रमाणे फाशीची शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे. कागद मात्र गृहखात्यातून जातो. खातं शिफारस करतं आणि राष्ट्रपती त्या सल्ल्यानुसार निर्णय देतात. प्रतिभाताई पाटील यांच्या काळात तीसहून अधिक जणांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, तीही याच वाटेने. मुंबईवरच्या हल्ल्यातला दोषी अजमल कसाब याचा दयेचा अर्ज प्रणव मुखर्जी यांनी ५ नोव्हेंबर २०१२ रोजी फेटाळला. गृहखात्याची शिफारस तशी होती आणि गृहमंत्री शिंदे होते. २१ नोव्हेंबरला सकाळी येरवड्याच्या तुरुंगात कसाबला फाशी झाली.

तोच तुरुंग. १९३१ मध्ये सोलापूरचे चार जण तिथे गेले. त्यांच्या मरणाचा निर्णय अशा सत्तेने घेतला जिला सोलापुरातल्या एकाही माणसाने निवडलं नव्हतं. या दोन प्रकरणांची तुलना मी करत नाही, करूही नये. एकीकडे देशासाठी गेलेले हुतात्मे, दुसरीकडे निरपराधांचा खुनी. बदलली ती सत्तेची वाट. खुन्यालाही अर्ज करायचा हक्क मिळाला, तो अर्ज सोलापूरच्या एका माजी पट्टेवाल्याच्या टेबलावरून गेला, आणि ज्यांनी त्यावर शेवटची सही केली त्यांना आमच्या अकरा आमदारांपुढेही मतं मागावी लागली होती. चार हुतात्मा चौकातून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

२००७ मध्ये जळगावच्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या. या पदावरच्या त्या पहिल्या महिला, पहिल्या मराठी व्यक्तीही. त्यांना ६,३८,११६ मतं मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिची मतं प्रतिभाताईंना गेली. व्हिप नसलेल्या मतदानात काय होऊ शकतं, याचं हे आपल्या घरातलं उदाहरण.

राष्ट्रपती या शब्दाशी बहुतेकांची गाठ पडते ती मात्र ‘राष्ट्रपती राजवट’ या जोडशब्दातून. महाराष्ट्राने ती तीनदा पाहिली: १९८०, २०१४ आणि २०१९. शेवटची उठली तो दिवस कोण विसरेल? २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ती मागे घेतल्याची अधिसूचना निघाली. पुन्हा तोच प्रश्न, १९७५ चा: मंत्रिमंडळाची बैठक झाली होती का? नव्हती. पंतप्रधानांनी एका विशेष नियमाखाली शिफारस केली आणि राष्ट्रपती कोविंद यांनी सही केली. बैठक नंतर झाली. नियमात ते बसत होतं. पण नवी राजवट लावणं असो की उठवणं असो, ज्या खुर्चीला थांबून विचारायचा हक्क दिला आहे, तिने अंधारात घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या कर्नाटकातल्या बोम्मई सरकारच्या बडतर्फीवरून १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं आहे की बहुमत कोणाचं हे विधानसभेत मोजायचं. राष्ट्रपतींची सहीही न्यायालयात तपासता येते, हेही त्याच निकालाने पक्कं केलं.

१९७१ चे आकडे गोठवलेले आहेत. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत आमदाराचं मत १७५ चंच राहणार. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते, तेव्हा पुढची निवडणूक त्याआधी होईल. तिच्यात मत देणारी विधानसभा निवडून झालेली आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी तुम्ही पंढरपुरात, मोहोळला किंवा अक्कलकोटला जे बटण दाबलंत, त्यातच पुढच्या राष्ट्रपतींसाठीचं तुमचं मत होतं.